एका घरकुलात राख किती मावते?

चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट. भार 70 टक्के, युनिटमागे कोळसा 0.7 किलो आणि कोळशात राख 35 टक्के धरली, तर रोजची राख 12,000 टन होते. वर्षाची सुमारे 44 लाख टन.

आता 25 चौरस मीटरचे घरकुल घेऊ. विटा 10,000, एकेक 3 किलोची, तिच्यात राख 60 टक्के. घरामागे 18 टन राख खपते, म्हणजे एका दिवसाच्या राखेत 667 घरकुले. चंद्रपूर आणि गडचिरोलीची 2011 ची लोकसंख्या मिळून 32.77 लाख. साडेचार माणसांचे कुटुंब धरले, तर तीन वर्षांच्या राखेत दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक कुटुंबाला नवे घर मिळेल आणि चौथ्या वर्षीची राख कुठे टाकायची हा प्रश्न उरेल.

देशभरात 2020-21 मध्ये 23.26 कोटी टन राखेपैकी 92.41 टक्के वापरली गेली. 2021-22 मध्ये 27.08 कोटी टनांपैकी 95.95 टक्के. न वापरलेली राख 1.77 कोटी टनांवरून 1.10 कोटींवर आली. ही टक्केवारी त्या-त्या वर्षीच्या राखेची. तलावांत आधीच साचलेली राख तिच्यात धरलेली नाही.

विटांपेक्षा मोठे गिऱ्हाईक सिमेंट, आणि आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, घुग्घुस इथले कारखाने वीज केंद्राच्या शेजारचेच. पोझोलाना सिमेंटमध्ये मानकानुसार 15 ते 35 टक्के राख चालते. एक टन क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भाजलेला मूळ घटक, करताना केवळ चुनखडीतून अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाचा वेगळा. राख वाढली की क्लिंकर तेवढे घटते.

राखेची वीट मात्र कार्बनमुक्त नाही. तिच्यात 8 टक्के सिमेंट धरले, तर एका घराच्या विटांतच 2.4 टन सिमेंट जाते. ते 35 टक्के राखेचे असेल तर उत्सर्जन सुमारे सव्वा टन, साधे असेल तर दोन टनांच्या आसपास. तेवढ्याच मातीच्या विटा भाजायला अडीच टन कोळसा लागतो असे मानले, तर उत्सर्जन चार टनांहून जास्त. शिवाय 30 टन माती जाते ती वेगळीच. फायदा आहेच, पण तो किती हे सिमेंटची गोणी ठरवते.

आणि अंतर ठरवते. डिसेंबर 2021 च्या राखवापराच्या अधिसूचनेनुसार वीज केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतल्या इमारतींना राखेच्या विटा बंधनकारक आहेत, मात्र त्या पर्यायी मालापेक्षा महाग नसतील तरच. गडचिरोलीतले भामरागड चंद्रपूरपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नियमात बसते. ग्रामीण घरकुलाचे अनुदान सपाट प्रदेशात 1.20 लाख, दुर्गम भागात 1.30 लाख. हे जादा 10,000 रुपये 30 टन विटांवर वाटले तर टनामागे 333 रुपये पडतात. दोनशे किलोमीटरचे ट्रकभाडे एवढ्यात भागत नाही. सळई, पत्रा, सिमेंट यांची वाहतूक अजून धरलेलीच नाही.

जवळचा माल पाहावा, तर गडचिरोलीचे सुमारे 69 टक्के क्षेत्र वनाच्छादित आहे आणि बांबू गावाच्या शिवेवर मिळतो. पण 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत बांबूची भिंत 'कच्ची' या रकान्यात जाते. तरीही मार्च 2023 मध्ये वणी-वरोरा महामार्गावर 200 मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसला. बांबूवर क्रियोसोट तेलाची प्रक्रिया, वर पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचा थर. पीथमपूरला धडक चाचणी झाली, रुरकीला आगीची. कुडाच्या भिंतीची अशी चाचणी घेतली, तर रकाना बदलता येईल.