टी-शर्टचा काठ आणि कव्हरस्टिच मशीन

घरातील कोणताही तयार टी-शर्ट घ्यावा आणि त्याचा खालचा काठ उलटून पाहावा. बाहेरच्या बाजूस दोन समांतर टिपा दिसतील आणि आतल्या बाजूस दोऱ्याची बारीक जाळी दिसेल. कापडाची कापलेली कड त्या जाळीखाली झाकली गेलेली असते. काठ दोन्ही हातांनी ताणला तर तो कापडाबरोबर ताणतो आणि सोडल्यावर पुन्हा जागेवर येतो. ही शिलाई ज्या यंत्रावर होते त्यास कव्हरस्टिच मशीन म्हणतात. कारखान्यात व बाजारात त्यालाच ‘फ्लॅटलॉक’ म्हणण्याचा प्रघात आहे.

हे मशीन घरी घ्यावे काय, घ्यायचे तर कोणते आणि घेतल्यावर चालवावे कसे, असे प्रश्न शिवणवर्गातील भगिनी आम्हाला वारंवार विचारतात. या खरेदीत घरची शिल्लक किंवा बचत गटाचे कर्ज गुंतणार असते. म्हणून उत्तर जबाबदारीने द्यावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही जे शिकलो ते क्रमाने मांडत आहोत.

आमची चूक

आम्ही हे आधी चुकूनच शिकलो. ब्लाऊज, परकर, फ्रॉक, शाळेचे गणवेश या कामात वर्गातील मुलींचा हात चांगला बसला होता. अशातच खेळाच्या ३६ टी-शर्टचे काम मिळाले. खांदे, बाह्या आणि बाजू यांच्या शिलाया आम्ही बाहेरून ओव्हरलॉक करून आणल्या आणि खालचे काठ मात्र नेहमीच्या साध्या मशीनवर मुडपून टीप मारली. इस्त्री केल्यावर कपडे देखणे दिसले. पण पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. मुले टी-शर्ट डोक्यातून ओढून काढत, तेव्हा काठावरची टीप तटातट तुटे. अखेर ३६ टी-शर्टचे सर्व काठ हाताने उसवून फ्लॅटलॉकवाल्या कारागिराकडून नगावर मजुरी देऊन पुन्हा शिवून घ्यावे लागले. नफा तर गेलाच, शिवाय मुलींना आपलाच हात कच्चा आहे असे वाटू लागले. वास्तविक दोष हाताचा नव्हता, टाक्याचा होता. तो कसा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

कापड आणि टाका

शर्टाचे किंवा परकराचे कापड मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते. ते फारसे ताणत नाही. टी-शर्टचे कापड, ज्याला आपण होजियरी म्हणतो, ते स्वेटरप्रमाणे एकात एक अडकवलेल्या फासांचे बनते. फास लांबट होऊ शकतात, म्हणून हे कापड ताणते.

आता टाक्याकडे पाहू. साध्या मशीनमध्ये वरचा दोरा सुईतून येतो व खालचा बॉबिनमधून. दोन्ही दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. या टाक्यासाठी अमेरिकेतील एलियास हाऊ यांना १८४६ मध्ये पेटंट मिळाले. हा टाका मजबूत असतो आणि सहजासहजी उसवत नाही. परंतु त्यातील दोरा जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि त्याला सैलपणा नसतो. एक मीटर टिपेला ढोबळमानाने अडीच मीटर दोरा लागतो. कापड ताणले की दोऱ्याला पुरवायला जादा लांबी नसते, म्हणून तो तुटतो.

कव्हरस्टिचचा टाका साखळी टाक्याच्या कुळातील आहे. जेम्स गिब्ज यांनी १८५७ मध्ये एका दोऱ्याच्या साखळी टाक्याच्या मशीनचे पेटंट घेतले होते. कव्हरस्टिचमध्ये बॉबिन नसतेच. वर दोन किंवा तीन सुया असतात आणि खाली ‘लूपर’ नावाचा आकडा असतो. सुया खाली उतरून दोऱ्याचे फास सोडतात, लूपर आपला दोरा त्या फासांतून ओढतो आणि पुढच्या खेपेस सुया लूपरच्या दोऱ्यात उतरतात. त्यातून खाली जाळी तयार होते. दोन सुयांच्या अशा टाक्याला एक मीटर शिलाईस सुमारे १८ मीटर दोरा लागतो. हा दोरा वाया जात नाही. फासांच्या रूपाने तो राखीव असतो आणि कापड ताणले की त्यातूनच लांबी मिळते.

आंतरराष्ट्रीय मानकांत टाक्यांना क्रमांक दिलेले आहेत. साधी टीप ३०१, दुहेरी दोऱ्याची साखळी ४०१, दोन सुयांचा कव्हरस्टिच ४०६ आणि तीन सुयांचा ४०७. विद्यार्थिनींनी हे क्रमांक पाठ करावेत. दुकानदारांची नावे बदलतात, क्रमांक बदलत नाहीत.

नावांचा घोटाळा

नावांच्या घोटाळ्यामुळे चुकीचे मशीन घरी येऊ शकते. ओव्हरलॉक मशीनला सुरी असते. ते कापडाची कड कापत कापत दोन तुकडे जोडते आणि कडेभोवती दोरा गुंफते. आपल्याकडे अनेक शिंपी यालाच ‘इंटरलॉक’ म्हणतात, तर होजियरीच्या धंद्यात इंटरलॉक हे एका जातीच्या कापडाचेही नाव आहे. कव्हरस्टिचला सुरी नसते. ते कापडाच्या मधूनही टीप मारू शकते आणि त्याचे मुख्य काम काठ मुडपणे, गळ्याची पट्टी बसवणे व जोडावर शोभेची टीप देणे हे आहे. तात्पर्य, कव्हरस्टिच घेतले म्हणून ओव्हरलॉकची गरज संपत नाही. दुकानात मशीनचे नाव सांगण्याऐवजी “सुया किती, लूपर किती, सुरी आहे का आणि खाली जाळी पडते का,” असे विचारावे.

निवड कशी करावी

मशीन पाहण्याआधी आपले काम पाहावे. महिन्याला होजियरीचे किती कपडे शिवतो, याची तीन-चार महिने वहीत नोंद ठेवावी. त्यानुसार पुढील पर्याय विचारात घ्यावेत.

घरच्यापुरते दोन-चार कपडे असतील तर नवीन मशीनची गरज नाही. झिगझॅग मशीन असेल तर गोल टोकाची सुई लावून अगदी अरुंद झिगझॅग टीप मारावी, ती थोडी ताणते. जोडसुईनेही काठ चांगला दिसतो. मात्र सुईसाठी एकच बारीक गोल छिद्र असलेल्या जुन्या साध्या मशीनला जोडसुई लावू नये. ती पत्र्यावर आपटून मोडते आणि तुकडा डोळ्यात उडण्याचा धोका असतो.

मधूनमधून काम येत असेल तर काठ बाहेरून करून घेणे परवडते. नगाची मजुरी आधीच आपल्या दरात धरावी.

नियमित काम असेल तर केवळ कव्हरस्टिच करणारे घरगुती मशीन सोयीचे. ते टेबलावर मावते, घरच्या विजेवर चालते आणि आवाज कमी करते. ओव्हरलॉक व कव्हरस्टिच एकत्र असलेली मशीनही मिळतात. त्यांत जागा वाचते, पण एका कामावरून दुसऱ्यावर जाताना सुया, सुरी, पाय व दोरे यांची फेरजुळणी करावी लागते. एका टी-शर्टला दोन्ही कामे लागतात, हे ध्यानात घ्यावे. घरी चांगले ओव्हरलॉक असेल तर स्वतंत्र मशीन घेणे बरे, असे आमचे मत आहे.

रोजचे मोठे काम असेल तरच कारखान्याचे फ्लॅटलॉक. त्याचा वेग मिनिटाला काही हजार टाके असतो. सोबत टेबल, मोटर, तेलाची देखभाल आणि जाणता मिस्त्री हे सर्व आले. जुन्या पद्धतीची क्लच मोटर शिवण थांबली तरी फिरत राहते व वीज खाते. सर्व्हो मोटर शिवतानाच फिरते आणि तिचा वेग कमी ठेवता येतो, म्हणून नवशिक्यांसाठी तीच योग्य.

दुकानात जाताना

दुकानातील नमुन्याच्या कडक कापडावर कोणतेही मशीन सुरेख शिवते. म्हणून आपले कापड सोबत न्यावे. पातळ होजियरी, जाड ट्रॅकपँटचे कापड आणि मध्ये ओव्हरलॉकचा जोड असलेला एक तुकडा, असे तीन नमुने असावेत. जोडावरून टीप नेताना टाके सुटतात का ते पाहावे. शिवलेला काठ जोरात ताणून पाहावा. दोरे पूर्ण काढून पुन्हा स्वतः ओवावेत. दुकानदाराने ओवून दिलेले मशीन घरी आणले आणि दोरा तुटल्यावर दोन दिवस बंद पडले, असे होऊ नये.

याशिवाय काही गोष्टी पाहाव्यात. पुढचे व मागचे दाते वेगवेगळ्या गतीने चालवण्याची सोय, म्हणजे डिफरेन्शियल फीड, असलीच पाहिजे. तिच्याशिवाय ताणणारा काठ लाटेसारखा होतो. सुईच्या उजवीकडे कापड ठेवायला पुरेशी जागा असावी. सुया कोणत्या लागतात हे आधी विचारावे. काही मशीनना घरगुती सुया चालतात, तर काहींना वेगळ्या जातीच्या लागतात. त्या आपल्या गावात मिळतात का आणि दुरुस्ती कोण करणार, याचे उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वापरताना

दोरे पुस्तिकेतील क्रमानेच ओवावेत. बहुतेक मशीनमध्ये ओवताना पाय वर ठेवावा लागतो, म्हणजे टेन्शनच्या चकत्या उघडतात व दोरा नीट आत बसतो. दोन सुयांसाठी तीन कोन लागतात, तीन सुयांसाठी चार. दोरा पॉलिएस्टरचा व एकसारखा असावा. लूपरला मऊ, फुगीर नायलॉनचा दोरा लावल्यास काठ अधिक ताणतो आणि अंगाला टोचत नाही.

काठ मुडपून इस्त्री करावी व कच्चा टाका घालावा. टीप सुलट बाजूने मारायची असल्यामुळे आतली कड दिसत नाही. म्हणून मुडपीची रुंदी सर्वत्र सारखी ठेवून मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीची खूण करावी आणि कपड्याची घडी त्या खुणेला लावून चालावे. कापलेली कड दोन सुयांच्या मध्ये आली की जाळीखाली नीट झाकली जाते. लहान मुलांच्या बाह्यांचा घेर अरुंद असतो. अशा बाह्यांचा काठ आधी सपाट असतानाच शिवून घ्यावा आणि मग बाजूची शिलाई मारावी.

सुरुवात जाड जोडावर करू नये, त्याच्या थोडे बाजूला करावी. फेरी पूर्ण झाली की आरंभीच्या टिपेवर दोन-तीन सेंटिमीटर चढवून थांबावे. यानंतरची कृती महत्त्वाची आहे, कारण साखळी टाका शेवटाकडून एका ओढीत उसवतो. हातचाकाने सुया सर्वांत वर आणाव्यात आणि पाय उचलावा. सुयांचे दोरे पायाखालून पुढे ओढून दहा सेंटिमीटर मोकळे सोडून कापावेत. मग कपडा मागच्या बाजूस ओढून काढावा, म्हणजे सुयांचे दोरे उलट बाजूस जातात. तेथे गाठ मारून टोके सुईने जाळीत लपवावीत. ही गाठ राहिली तर पहिल्याच धुण्यात काठ सुटतो. उलटपक्षी चुकलेली टीप काढायची असेल तर हाच गुण उपयोगी पडतो. शेवटाकडून लूपरचा दोरा मोकळा करून ओढला की टीप निघून येते.

नेहमीचे बिघाड थोडेच आहेत. टाके सुटत असतील तर प्रथम सुई बदलावी, गोल टोकाची नवी सुई पूर्ण वरपर्यंत बसवावी आणि जोडावर चाक हाताने फिरवावे. जाड जोड आधी हलक्या हाताने ठोकून सपाट करावा. काठ लाटेसारखा होत असेल तर डिफरेन्शियल फीड १ वरून हळूहळू दीडपर्यंत वाढवावा व पायाचा दाब कमी करावा. दोन टिपांमध्ये कापडाची नळी उभी राहत असेल तर लूपरचे टेन्शन सैल करावे. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदल त्याच कापडाच्या तुकड्यावर तपासून वहीत लिहावा.

शेवटी हिशेब

त्या ३६ टी-शर्टनंतर आम्ही लगेच मशीन घेतले नाही. एक हंगाम काठ बाहेरून करून घेतले आणि किती नग गेले, मजुरी किती झाली, फेऱ्या किती पडल्या हे सर्व लिहून ठेवले. त्या वहीने आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. एकेका घराला स्वतंत्र मशीन परवडत नाही, आणि सर्वांचे काम एकत्र केले तर एक मशीन रिकामे राहत नाही. म्हणून वर्गात एकच घरगुती कव्हरस्टिच घेतले. दोऱ्याचा खर्च वापरणाऱ्याने द्यायचा आणि देखभालीसाठी प्रत्येक नगामागे थोडी रक्कम डब्यात टाकायची, असा नियम केला. मशीनशेजारी दोरीने बांधलेली एक वही असते. तिच्यात कापड, सुई, टेन्शन व फीड यांची नोंद होते, त्यामुळे नव्या मुलीला पहिल्यापासून चाचपडावे लागत नाही.

नव्या विद्यार्थिनींना पहिल्या दिवशी आम्ही मशीनवर बसवत नाही. जुना टी-शर्ट देतो आणि काठ उसवायला सांगतो. कोणता दोरा कुठून आला हे बोटांनी कळले की मशीन ओवणे जड जात नाही, आणि दुकानात कोणी काहीही नाव सांगितले तरी आपल्याला काय हवे ते त्या ठामपणे सांगू शकतात.