पडेल भावातली पोर्शे

१९९९ साली अमेरिकेत पोर्शे ९११ कॅरेरा नवी कोरी घ्यायची तर सुमारे ६५ हजार डॉलर मोजावे लागत. पंधराएक वर्षांनी तीच गाडी, रंग शाबूत, सीटचं चामडं बऱ्या अवस्थेत, २० हजार डॉलरच्या आसपास मिळू लागली. तेवढ्यात तेव्हा शोरूममधून घरगुती वापराची साधी सेदान येई. मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं तीनशे अश्वशक्तीचं इंजिन आणि ९११ हे नाव! लहानपणापासून या गाडीची चित्रं जमवणाऱ्याला मोह आवरणं कठीणच.

पण गंमत पाहा. त्याआधीची, १९९८ पर्यंत बनलेली, हवेवर थंड होणारी ९११ याच काळात महाग होत चालली होती. जुनी गाडी चढ्या भावात आणि तिच्यानंतरची पडेल भावात, असं उलटं गणित का पडलं? नव्या गाडीचे दिवे अनेकांना आवडले नाहीत, हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे इंजिनाच्या टोकाला, क्लचच्या आड दडलेलं, मुठीत मावेल असं एक बेअरिंग.

१९९० च्या दशकाची सुरुवात पोर्शेसाठी वाईट होती. पाच-सात वर्षांपूर्वी वर्षाला ५० हजारांहून अधिक गाड्या विकणारी कंपनी १९९३ च्या सुमारास १५ हजारांच्याही खाली आली. कंपनी आता कुणीतरी विकत घेणार, अशी चर्चा उघडपणे चाले. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली, टोयोटाच्या कामाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार स्टुटगार्टच्या कारखान्यात आणले आणि दोन गाड्या एकत्र आखायला घेतल्या. एक १९९६ ची बॉक्सस्टर, दुसरी १९९७ ची नवी ९११, जिचा कंपनीतला क्रमांक ९९६. दोघींचा पुढचा भाग, दारं आणि दिवे जवळपास एकच. इंजिनही एकाच घराण्यातलं, एम९६ नावाचं, पाण्यावर थंड होणारं. आवाज आणि धूर यांचे नियम कडक होत होते, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे होते, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ते जमेना. या दोन गाड्यांनी कंपनी वाचवली. खर्चात केलेल्या बचतीची किंमत मात्र पुढे दुसऱ्या-तिसऱ्या मालकांनी मोजली.

या इंजिनात क्रँकशाफ्टखाली एक मधला शाफ्ट आहे. क्रँकशाफ्टकडून साखळीने फिरायचं आणि दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हची यंत्रणा साखळ्यांनीच फिरवायची, हे त्याचं काम. पोर्शेच्या जुन्या इंजिनात असाच शाफ्ट साध्या बेअरिंगवर, दाबाने येणाऱ्या ऑइलच्या थरावर फिरे. एम९६ मध्ये त्याच्या एका टोकाला आत ग्रीस भरलेलं सीलबंद बॉल बेअरिंग बसवलं. वर्षं जातात, सील कडक होतं, ग्रीस धुऊन जातं. इंजिनातलं ऑइल आत शिरतं, पण तिथेच अडकून जुनं होतं. गोळ्या खरवडू लागतात, बेअरिंग सैल होतं, शाफ्ट जागचा हलतो आणि साखळी एखादा दात सोडते. मग पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह वाटेतून बाजूला झालेला नसतो. पुढचं काम एका क्षणात संपतं, आणि अख्खं इंजिन बदलण्याचा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीइतका होतो.

अमेरिकेत यावर ग्राहकांचा सामुदायिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. ती मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्यांपुरती होती. या काळातल्या बहुतेक गाड्यांत गोळ्यांची एकच ओळ असलेलं बेअरिंग होतं. त्याच्या बिघाडाचं प्रमाण साधारणपणे आठ ते दहा टक्के सांगितलं जातं. त्याआधीच्या दोन ओळींच्या बेअरिंगचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास. २००६ ते २००८ च्या गाड्यांत अधिक मोठं आणि टिकाऊ बेअरिंग आलं, पण ते काढायचं तर इंजिनच दुभंगावं लागतं. २००८ च्या मध्यात नवं इंजिन आलं आणि हा शाफ्टच गेला.

आठ ते दहा टक्के म्हणजे शंभरातल्या नव्वद गाड्या ठणठणीत. तरीही सगळ्या गाड्यांचा भाव पडला, कारण घेणारा शंभर गाड्या घेत नसतो. तो एक घेतो, आणि तीच त्या दहांपैकी निघाली तर त्याचे सगळेच पैसे बुडतात. इथेच विचार नीट करायला हवा. या बेअरिंगचा उपाय माहीत आहे. ते क्लचच्या मागेच असल्यामुळे क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवला की समोर येतं. त्याच वेळी सिरॅमिक गोळ्यांचं सुधारित बेअरिंग आणि मागचं ऑइल सील बसवून घेतलं की भीती बरीच कमी होते. म्हणून नवा क्लच टाकल्याची पावती असेल आणि बेअरिंगचा त्यात उल्लेख नसेल, तर पुन्हा तेवढीच मजुरी भरायची आहे असं धरून भाव करावा. ज्या दोषाचा खर्च आधी मांडता येतो, तो दोष असलेली गाडी घेता येते. खरी धास्ती न मोजता येणाऱ्या दोषांची असायला हवी.

त्यातला एक दोष याच घराण्यात आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे उठतात. २००५ नंतरच्या ३.६ आणि ३.८ लिटरच्या ९११ मध्ये याचा त्रास विशेष दिसला. थंडीत गाडी सुरू करायची, दोन किलोमीटर जायचं आणि बंद करायची, असा वापर त्याला पोषक ठरतो. एका बाजूचा सायलेन्सर दुसऱ्यापेक्षा जास्त काळवंडलेला, ऑइल वारंवार घालावं लागतं, गरम झाल्यावर बारीक टकटक, ही त्याची लक्षणं. खात्री करायची तर स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, आत सोडावा लागतो. शक्य असेल तर इंजिनाच्या खालच्या बाजूनेही पाहावं, कारण ओरखडे बऱ्याचदा तिथेच दिसतात. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या तर धातूचा चुरा डोळ्यांना दिसतो. तपासणीला काहीशे डॉलर लागतात, आणि विकणारा ती करू देत नसेल तर तिथेच बोलणं थांबवावं.

गाडीचा संगणकही पुष्कळ सांगतो. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना घाईत दुसरा गिअर पडला, तर चाकंच इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. अशा प्रसंगांची मोजदाद, शेवटचा कधी घडला त्या इंजिन-तासांसह, पोर्शेच्या इंजिनाचा संगणक लिहून ठेवतो. मालक बदलतात, नोंद राहते.

कमी चाललेली गाडी चांगली, हा समज स्पोर्ट्स कारला लावताना सावध राहावं. वीस वर्षांत वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही कडक झालेले असतात. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार अंक त्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. रबरी सील सुकतात, कूलंटची प्लास्टिकची टाकी तडकते. बेअरिंगच्या बाबतीतही, नियमित चाललेल्या आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाड्या जास्त टिकतात, असा या इंजिनांवर काम करणाऱ्यांचा अनुभव आहे. एक लाख साठ हजार किलोमीटर चाललेली, पावत्यांची जाड फाइल असलेली गाडी आणि पावत्यांविना उभी असलेली चकचकीत गाडी यांत पहिलीच घ्यावी.

प्रत्येक स्पोर्ट्स कारचं असं एखादं ठरलेलं दुखणं असतं. बीएमडब्ल्यूच्या २००० ते २००६ च्या एम३ मध्ये मागचा सबफ्रेम जिथे बसतो तिथला पत्रा तडकतो. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांची कनेक्टिंग रॉडची बेअरिंग कंपनीला स्वतःहून बदलून द्यावी लागली. माझदा आरएक्स-८ मध्ये पिस्टन नाहीतच. तिथे त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या टोकांची सील झिजतात, म्हणून इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय ती घेऊ नये. पोर्शेची त्याच काळातली ९११ टर्बो आणि जीटी३ या गाड्या हान्स मेझगर यांच्या रेसिंग परंपरेतल्या इंजिनामुळे बेअरिंगच्या दुखण्यातून सुटल्या. पण त्यांच्या कूलंटच्या नळ्या चिकटवून बसवलेल्या आहेत. त्या निसटल्या की पाणी थेट मागच्या चाकांखाली येतं.

फेरारीचं उदाहरण मुंबईकरांना जवळचं आहे. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्यानंतर, २००२ मध्ये, सचिन तेंडुलकर यांना फियाटतर्फे मायकेल शूमाकरच्या हस्ते फेरारी ३६० मोडेना मिळाली. तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून वाद झाला, अखेर ते शुल्क फियाटने भरलं, आणि २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. त्या मॉडेलमध्ये व्हॉल्व्हची यंत्रणा रबरी टायमिंग बेल्टवर चालते. गाडी उभी असली तरी बेल्टचं वय वाढतं, त्यामुळे किलोमीटर न पाहता ठरावीक वर्षांनी तो बदलावाच लागतो. तिच्या आधीच्या एफ३५५ मध्ये यासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागे. ३६० मध्ये सीटच्या मागचं झाकण काढून काम होतं, आणि २००४ च्या एफ४३० मध्ये बेल्टऐवजी साखळी आली. त्यामुळे जुनी एफ३५५ स्वस्त वाटली, तरी दोन सर्व्हिसिंगनंतर हिशेब वेगळाच दिसतो. गाडीचा भाव निम्म्यावर आला म्हणून तिच्या ब्रेक डिस्कचा किंवा गिअरबॉक्सचा भाव निम्म्यावर येत नाही. सुटे भाग मूळ किमतीच्या गाडीचेच असतात.

कॅलिफोर्नियात किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ९९६ सहज मिळते. ती पुण्याला मात्र आणता येत नाही. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आयात करता येत नाही, आणि अमेरिकेतल्या गाडीचं स्टिअरिंगही डावीकडे असतं. इथे मिळतात त्या इथेच नोंदलेल्या गाड्या. त्यांची संख्या थोडी, आणि अशी इंजिनं खोलणारे कारागीर त्याहून थोडे. भाग परदेशातून येणार, शुल्क लागणार, गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहणार, हे धरूनच चालावं. मुंबईतला २६ जुलै २००५ चा पाऊस आणि डिसेंबर २०१५ चा चेन्नईचा पूर यांत महागड्या गाड्याही बुडाल्या. विमा कंपन्यांनी टोटल लॉस ठरवलेल्या अशा गाड्या दुरुस्त होऊन बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, तळाशी चिखलाची रेघ दिसते का. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का, हेही बघावं.

कागद तेवढेच महत्त्वाचे. महाराष्ट्रात एकरकमी रोड टॅक्स गाडीच्या किमतीवर ठरतो. तो वाचवण्यासाठी काहींनी महाग गाड्या पुदुच्चेरीत नोंदवल्या. अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची तर नोंदणी इकडे आणावी लागते, आणि कराचा बोजा नव्या मालकावर पडतो. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, एनओसी मिळेल का, हे बयाणा देण्याआधी पाहावं.

गाडी बघायला जाण्याआधी मालकाला फोनवर सांगावं की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर नव्हे, मागे इंजिनाच्या झाकणावर हात ठेवावा. ते थंड असेल तरच सुरुवातीचा साखळीचा खडखडाट ऐकू येतो आणि धूर खरा दिसतो. आडव्या सिलिंडरच्या या इंजिनातून सुरुवातीला थोडा धूर येणं स्वाभाविक आहे. पण पांढरा लोट थांबतच नसेल तर हवा आणि ऑइल वेगळं करणारा भाग फाटलेला असतो, आणि त्याचा खर्च भावातून वजा करून घ्यावा. इंजिन आधीच गरम केलेलं असेल, तर चहा घेऊन निघावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावं.