१९ इंची चाकाचं कोडं

बालमित्रांनो, मोटारीचा टायर खराब झाला तर काय करायचं? तुम्ही म्हणाल, "त्यात काय एवढं! दुकानात जायचं, नवा आणायचा, बसवायचा." आपल्या हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला टायरची दुकानं आहेत. जीपचा, ट्रॅक्टरचा टायर तासाभरात बदलून मिळतो. पण काही मोटारी अशा आहेत, की त्यांच्यासाठी टायर शोधण्यात महिनेच्या महिने जातात. आज अशाच एका मोटारीचं कोडं आपण सोडवू या.

मोटारीचं नाव आहे एम.जी. टी.सी. १९४५ ते १९४९ या काळात ती इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावी तयार झाली. दोन माणसांपुरती, कापडी टपाची, बुटकी, चपळ मोटार. हिला स्पोर्ट्स कार म्हणतात. मुंबईत जुन्या मोटारींची फेरी निघते ना, तिथं जुन्या एम.जी. दिमाखात मिरवतात. त्यांची चाकं बघून तुम्ही म्हणाल, "अरेच्चा, ही तर सायकलची चाकं!" खरंच, या चाकांना सायकलसारख्या तारा असतात.

आता आपल्या बैलगाडीचं चाक आठवा. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, कडेचे पुठे आणि त्यावर लोखंडी धाव. धाव तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि वर पाणी ओततात. ती आकसते आणि सगळं चाक घट्ट आवळून धरते. इंग्रजीतला 'टायर' हा शब्दही आधी या लोखंडी धावेलाच होता, बरं का! रबराचा टायर फार नंतर आला. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनवला.

बैलगाडीचा लाकडी आरा खांबासारखा उभा राहून ओझं पेलतो. तारेला मात्र उभं राहता येत नाही, ती वाकेल. म्हणून सगळ्या तारा चारी बाजूंनी सारख्या ताणून ठेवतात. त्या ताणामुळंच चाक गोल राहतं आणि ओझं पेलतं. एक तार तुटली, की शेजारच्या तारांवर भार येतो. सायकलवाले काका चाक फिरवून बघतात आणि छोट्या चावीनं तारा आवळतात. त्याला आपण 'आऊट काढणं' म्हणतो. एम.जी.च्या चाकाचंही असंच करावं लागतं. रिम गंजली असेल, तर मात्र ती बदलून नव्यानं तारा भरायच्या.

आणखी एक गंमत. हे चाक चार-पाच नटांनी नव्हे, तर मधोमध असलेल्या एकाच मोठ्या नटानं बसतं. त्याला दोन कान असतात. त्यांवर हातोडी मारून तो सैल करतात किंवा घट्ट करतात. डाव्या बाजूच्या नटाचे आटे एका दिशेचे, उजव्याचे उलट्या दिशेचे! सायकलच्या दोन पायडलांचे आटे असेच उलट असतात. का? चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून. दुरुस्ती करताना डावं-उजवं उलटसुलट बसवलं, तर तोच नट चालत्या गाडीत सैल होऊ शकतो. केवढा अनर्थ!

आता टायर. टी.सी.च्या टायरचं माप आहे ४.५०-१९. म्हणजे टायर साडेचार इंच रुंद आणि रिम १९ इंची. त्या काळच्या टायरची उंची साधारण रुंदीएवढीच असे. मग पूर्ण चाक केवढं? १९ अधिक वर ४.५ आणि खाली ४.५, म्हणजे २८ इंच. परीघ काढा बरं. २८ गुणिले २२ भागिले ७, म्हणजे ८८ इंच. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी एवढी पुढं जाते.

"गुरुजी, १९ इंची टायर तर बुलेटलाही असतो. तोच घातला तर?" शाब्बास, प्रश्न चांगला आहे! पण नाही चालणार. मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून तिच्या टायरची पाठ गोल असते. मोटार कलत नाही. तिच्या टायरची पाठ सपाट हवी. शिवाय मोटारीचं वजन त्या टायरसाठी नाही. १९ हा आकडा जुळला, म्हणजे टायर जुळला असं नव्हे.

"मग जरा मोठा घालू, ५.५०-१९!" आता चाक झालं ३० इंची. ते मडगार्डला घासू शकतं. शिवाय वेगाचा काटा फसतो. त्याला चाकाच्या फेऱ्याच तेवढ्या कळतात, आकार कळत नाही. काटा ६० दाखवील, तेव्हा खरा वेग जवळजवळ ६४ असेल.

याउलट आपल्या महाराष्ट्रात बनलेली एक मोटार बघा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी. ती मुंबईत कुर्ल्याला तयार व्हायची. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिच्या टायरचं जुनं माप ५.२०-१४. आजच्या पद्धतीचं १६५/८०, मग इंग्रजी 'आर' आणि १४, हे माप घ्या. रुंदी १६५ मिलिमीटर आणि उंची त्याच्या ८० टक्के, म्हणजे १३२. गणित करून पाहा, दोन्ही चाकं साधारण ६२ सेंटिमीटर भरतात. १४ इंची टायर आजही मिळतात, म्हणून पद्मिनीचं कोडं सोपं. तरीही रिमची रुंदी तपासायला हवी आणि जुन्या-नव्या बांधणीचे टायर एका गाडीत मिसळायचे नाहीत.

"मग टी.सी.साठी कुणाच्या गोदामात पडलेला जुना, न वापरलेला टायर मिळाला तर?" मुलांनो, इथंच खरा धोका आहे. रबर म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवा यांनी ते कडक होतं, भेगाळतं. टायर एक मैलही धावला नसेल, नक्षी नवीकोरी दिसत असेल, तरी तो वेगात फाटू शकतो. देखण्या चाकानं काम भागत नाही. १९२४ मध्ये फ्रान्समधल्या ल्याँच्या शर्यतीत बुगाटीच्या नव्या मोटारी उतरल्या. ॲल्युमिनियमची सुंदर चाकं होती. पण टायरवरचा थर निघू लागला आणि त्या मागं पडल्या.

मग हे जुने टायर मिळतात कुठं? परदेशात काही कारखाने जुन्या मापांचे टायर आजही नव्या रबरात ओततात. अमेरिकेतली १९५८ मध्ये सुरू झालेली कोकर टायर ही अशीच एक कंपनी. असे टायर मागवायचे, तर खर्च, वाहतूक आणि आयातीचे नियम, सगळं बघावं लागतं. आणि मागवायचे चार नव्हे, पाच! टी.सी.च्या पाठीवर एक जादा चाक असतं. आपण त्याला स्टेपनी म्हणतो ना, ते नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलं. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली होती. तारांचं चाक असल्यानं टायरमध्ये ट्यूब हवीच. आणि तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून आत रबराची पट्टीही हवी. सायकललाही असते बघा.

तुम्ही म्हणाल, "एवढा खटाटोप कशाला? दुसरीच चाकं लावा की!" पण मग ती टी.सी. उरेल का? २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. त्यात सांगाडा, बाहेरचा साज आणि इंजिन मूळचं राखण्याची अट आहे. जुनी वस्तू जपायची, ती जशी होती तशी. मात्र माणसाचा जीव सांभाळणारं रबर ताजंच हवं. जुनं काय राखायचं आणि नवं काय घ्यायचं, हे ज्याला कळलं त्याला कोडं सुटलं.

आता तुमचा गृहपाठ. घरच्या मोटारसायकलच्या किंवा जीपच्या टायरवर चार आकडे शोधा. २३१९ असेल, तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे टायरची जन्मतारीख! वय वहीत लिहा आणि बाबांना, आईला दाखवा. पालकांनो, टायर दहा वर्षांचा झाला असेल, तर नक्षी कितीही शाबूत दिसो, तो बदला. स्टेपनीही तपासा. तिच्याकडं सहसा कुणी बघत नाही.