दगडात हाड ओळखणारे डोळे



लाखो वर्षांपूर्वीची माणसं कशी दिसत होती, कशी चालत होती, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पण त्या काळी तर कुणाला लिहिता येत नव्हतं. मग हे कळलं कसं? ते कळलं हाडांवरून. आणि ती हाडं शोधायला माणसं उन्हातान्हात मैलोन् मैल पायी फिरली. आज त्यांच्या कामाची माहिती घेऊ. उदाहरण आहे आफ्रिकेतल्या केनिया देशाचं, तिथल्या तुर्काना नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठचं.

आधी हाड इतकी वर्षं टिकतं कसं, ते बघू. उघड्यावर पडलेलं हाड कोल्हे-तरस फोडतात, ऊन-पावसानं त्याचा भुगा होतो. पण नदीच्या किंवा तळ्याच्या काठी ते लवकर गाळाखाली गेलं, तर पाण्यातले क्षार त्यात मुरत जातात आणि हळूहळू हाडाचा दगड होतो. आकार हाडाचाच राहतो, वजन मात्र दगडाचं. यालाच जीवाश्म म्हणतात.

त्याचं वय कसं काढतात? तुर्कानाच्या परिसरात जुन्या काळी ज्वालामुखींची राख वेळोवेळी पडली. गाळाचा थर, वर राखेचा थर, पुन्हा गाळ, असं साचत गेलं. भाकरीच्या चळतीत सगळ्यांत खालची भाकरी आधी भाजलेली असते, तसंच हे. राखेतल्या खनिजांत पोटॅशियम असतं. त्याचा ठरावीक भाग ठरलेल्या गतीनं आर्गॉन नावाच्या वायूत बदलत असतो. किती वायू साठला ते मोजलं की राख कधी पडली ते कळतं. हाड दोन राखेच्या थरांमध्ये सापडलं, तर त्याचं वयही त्या दोघांच्या मधलं.

आता शोधण्याचं काम. आपल्याला वाटतं, हे लोक जातात आणि खणायला लागतात. तसं नाही. कुठं खणायचं हेच माहीत नसतं. म्हणून आधी चालायचं. पावसाच्या पाण्यानं ओघळी पडतात, दरडी कापल्या जातात आणि आतली हाडं उघडी पडतात. पथकातली माणसं थोडं थोडं अंतर ठेवून, मान खाली घालून चालतात. जमिनीवर हजारो दगड असतात. त्यातला एक थोडा वेगळा, कडेला गुळगुळीत, आत जाळीदार, किंवा दातासारखा चमकणारा दिसला की थांबायचं. बहुतेक वेळा ते हरणाचं, पाणघोड्याचं नाहीतर माशाचं हाड निघतं. माणसाचं फारच क्वचित.

तुम्ही तांदूळ निवडायला बसता तेव्हा पांढऱ्या दाण्यांतला पांढरा खडा बरोबर टिपता. नव्या मुलीला तो दिसत नाही. डोळा तोच, पण सराव वेगळा. हेही काम तसंच सरावाचं आहे.

असा सराव असलेला एक माणूस म्हणजे कामोया किमेऊ. दक्षिण केनियातल्या कांबा समाजाचा. लहानपणी शेळ्या राखल्या, शाळा थोडीच झाली. 1960 साली तो लुई आणि मेरी लीकी या शास्त्रज्ञ पती-पत्नीकडे मजूर म्हणून कामाला लागला. हाडं उकरणं म्हणजे जादूटोण्याचा प्रकार, अशी त्याच्या लोकांत समजूत होती. तरी तो गेला, बघून बघून शिकला आणि पुढं पूर्ण पथकाचा म्होरक्या झाला.

1984 सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. सरोवराच्या पश्चिमेला नारिओकोटोमे नावाच्या कोरड्या नदीकाठी पथकाचा तळ होता. त्या दिवशी सुट्टी होती. कामोया एकटाच पलीकडच्या काठावर फिरायला गेला. काळ्या खड्यांमध्ये त्याला एक काळा तुकडा दिसला, काडेपेटीएवढा. दुसऱ्या कुणी तो खडाच समजला असता. तो कवटीचा तुकडा होता.

मग शास्त्रज्ञ आले, खणणं सुरू झालं. माती ब्रशनं आणि बारीक हत्यारांनी काढायची, प्रत्येक तुकडा कुठं होता ते कागदावर मांडायचं, निघालेली सगळी माती चाळायची. काही तुकडे एका काटेरी झाडाच्या मुळांत अडकलेले होते. हे काम एका हंगामात संपलं नाही, वर्षानुवर्षं चाललं. शेवटी एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा हाती आला. तो सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीचा आहे. इतका जुना आणि इतका पूर्ण सांगाडा तोपर्यंत मिळाला नव्हता.

त्या हाडांवरून काय कळलं? मुलगा वयानं साधारण 8 ते 12 वर्षांचा, पण उंची पाच फुटांच्या वर. पाय लांब, आपल्यासारखं ताठ चालणारा. मेंदू मात्र आपल्यापेक्षा बराच लहान. त्याच्या जबड्यात दुधाची दाढ पडलेल्या जागी हिरडीला संसर्ग झाल्याची खूण आहे. त्यातूनच तो दगावला असावा, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. दाताच्या साध्या दुखण्यावर तेव्हा काहीच उपाय नव्हता, हे लक्षात घ्या.

याच सरोवराच्या पूर्वेला, 1973 साली, कामोयाला एका बाईचा सांगाडा सापडला होता. तो याहूनही जुना आहे. तिच्या हाडांवर रोगानं वेड्यावाकड्या गाठी चढलेल्या आहेत. रोग कोणता, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण अशा गाठी चढायला आठवडे, महिने लागतात. इतकं दुखत असताना ती स्वतः पाणी आणू शकली नसेल, अन्न शोधू शकली नसेल. मग ती इतके दिवस जगली कशी? तिच्यावर काम करणारे शास्त्रज्ञ ॲलन वॉकर यांचं म्हणणं असं, की कुणीतरी तिला खायला-प्यायला देत होतं, जनावरांपासून राखत होतं. हे खरं असेल, तर आजाऱ्याजवळ बसून राहणं ही माणसाची फार जुनी सवय आहे.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. 1985 साली त्या मुलाच्या सांगाड्यावर शास्त्रीय लेख छापून आला. त्यावर लेखक म्हणून चार नावं होती. कामोयाचं नाव त्यांत नव्हतं. लिहिणारे वेगळे, शोधणारा वेगळा, असा तेव्हाचा रिवाज. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्याला पदक मिळालं. एका जुन्या माकडाच्या आणि एका वानराच्या जातीला त्याचं नाव दिलं गेलं. आणि 2021 साली, अगदी उतारवयात, अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली. पुढच्याच वर्षी तो वारला. आयुष्यभराचं काम, आणि पदवी शेवटच्या वर्षात.

आपल्याकडंही हे पाहायला मिळतं. बियाणं ओळखणारी, जनावराचा आजार नजरेनं सांगणारी, रानभाजी पारखणारी बाई गटात असते. माहिती लिहून घेणाऱ्याचं नाव कागदावर चढतं, तिचं राहून जातं. तेव्हा गटाच्या नोंदवहीत ‘ही माहिती कुणी दिली’ असा एक रकाना जरूर ठेवा.

शेवटी एक कामाची सूचना. असे अवशेष आपल्या देशातही आहेत. 1982 साली मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी, हथनोरा इथं, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. महाराष्ट्रातही नदीकाठी आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. तुमच्या ओढ्याच्या दरडीत कधी दगडासारखं जड हाड दिसलं, तर ते उपटून घरी आणू नका. कोणत्या थरात होतं, शेजारी काय होतं, हे हलवल्यावर कळत नाही, आणि मग त्याचं वय सांगता येत नाही. जागेवरच फोटो काढा, जागेची खूण लक्षात ठेवा, ग्रामपंचायतीला आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोल किंवा भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना कळवा. आणि कळवताना, ते प्रथम कुणी पाहिलं, तिचं नाव लिहायला विसरू नका.