चौकोनी चाकांची सायकल

गणिताचा पेपर जवळ आला की मुलांच्या पोटात गोळा येतो. आई-वडील दिवसभर राबून आलेले. अडलेले उदाहरण समजावणार कोण? मग "आमच्या पोराच्या डोक्यात गणित शिरतच नाही" असे घरातच ठरून जाते आणि त्याची पुढची वाट तिथेच अडते. अशा घरातल्या वाचकांना एका प्राध्यापकाची सायकल दाखवावीशी वाटते.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे मॅकॅलेस्टर कॉलेज आहे. तेथील गणिताचे प्राध्यापक स्टॅन वॅगन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या संग्रहालयात चौकोनी चाकाचा नमुना पाहिला. 1997 मध्ये त्यांनी माणूस बसेल अशी चौकोनी चाकांची सायकलच तयार करवली आणि ती कॉलेजात लोकांना चालवायला दिली. नवल म्हणजे, बसणाऱ्याला धक्के लागत नाहीत!

सारी करामत रस्त्याची आहे. साखळीची दोन टोके धरली की ती मध्ये लोंबते आणि तिला ठराविक वळण येते. ते वळण उलटे केले की झाला उंचवटा. असे उंचवटे ओळीने मांडलेले असतात. चाकाची बाजू उंचवट्यावरून लोळते, कोपरा पुढच्या खाचेत नेमका बसतो, आणि चाकाचा मध्य कायम एकाच उंचीवर राहतो. मग धक्का बसणार कसा? त्रिकोणी चाकाला मात्र हे साधत नाही. त्याचा कोपरा पुढच्या उंचवट्यावर आदळतो.

न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर 2012 मध्ये गणिताचे खास संग्रहालय उघडले. तेथे चौकोनी चाकांची तीनचाकी ठेवली आणि मुले तिच्यावर बसू लागली. संग्रहालय उघडण्याआधीच, 2011 पासून, तेथील मंडळींनी गणितावर जाहीर व्याख्याने सुरू केली होती. वस्तू हाताळावी आणि तिच्यामागचे कारण जाणकाराकडून ऐकावे, अशी ही जोडी.

व्याख्यानाने काय होते म्हणाल, तर लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनकडे पाहा. 1812 मध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर तेथे हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला गेला. पुढे तो त्याच संस्थेतला थोर शास्त्रज्ञ झाला. तिकीट मिळालेच नसते तर? याच संस्थेत 1825 पासून मुलांसाठी नाताळात व्याख्याने होत आली. पण गणिताला तेथे जागा मिळायला 1978 साल उजाडले. वॉरिक विद्यापीठाचे प्राध्यापक ख्रिस्तोफर झीमन बोलले, आणि त्यातूनच 1981 मध्ये शाळकरी मुलांसाठी गणिताचे खास वर्ग निघाले.

न्यूयॉर्क दूर आहे, पण हा रस्ता घरी बनवता येतो. भिंतीवर कागद लावून एकाच उंचीवर, 17.6 सें.मी. अंतराने दोन टाचण्या ठोका. त्यांच्यामध्ये गळ्यातल्या बारीक साखळीचा बरोबर 20 सें.मी. भाग लोंबू द्या. मध्ये तो चार सें.मी.हून थोडा जास्त खाली येईल. ते वळण गिरवा, उलटे करून जाड पुठ्ठ्याचे तीन-चार उंचवटे कापा आणि एकाला एक लागून चिकटवा. 20 सें.मी. बाजूचा पुठ्ठ्याचा चौरस घ्या, बरोबर मधोमध भोक पाडून पेन्सिल घाला. मागे कागद धरून चौरस न घसरता लोळवा. पेन्सिलीची रेघ सरळ आली का, ते मुलालाच पट्टी लावून पाहू द्या.