गाडी उचलली, चाकांचं काय?

गाडी दोन इंच वर घेतली, मोठे टायर चढवले आणि शेवटी "जाता जाता अलाइनमेंट करून घ्या" एवढं सांगून गॅरेजवाल्याने किल्ली हातात दिली, असा लिफ्टचा सर्वसाधारण शेवट असतो. लिफ्टच्या कामात दिवस मोडतो, अलाइनमेंट अर्ध्या तासात उरकते. पण उंच झालेली गाडी समृद्धी महामार्गावर सरळ धावेल की सतत सावरत बसावी लागेल, हे त्या अर्ध्या तासात ठरतं. सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच आहेत.

आधी तीन कोन समजून घ्यायला हवेत. समोरून पाहिल्यावर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर कललेलं दिसतं, तो कॅम्बर. वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची पुढची तोंडं एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन, एकमेकांपासून लांब असली तर टो-आउट. तिसरा कास्टर, हा बाजूने पाहायचा. चाक ज्या आसाभोवती वळतं, त्या आसाचा मागे झुकलेला कल म्हणजे कास्टर. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरका असतो, म्हणून चालत्या सायकलचं हँडल आपोआप सरळ होऊ पाहतं. मोटारीत वळण संपल्यावर स्टीअरिंग मधोमध परत येतं, त्यात कास्टरचा मोठा वाटा असतो.

लिफ्टने हे तिन्ही कोन सगळ्या गाड्यांत सारखेच बिघडतात, हा पहिला गैरसमज. थार आणि जिमनी शेजारी उभ्या केल्या तर फरक लगेच कळतो. 2020 पासूनच्या थारमध्ये पुढची चाकं स्वतंत्र आहेत. प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग आहे. 2023 मध्ये भारतात आलेल्या जिमनीत मात्र पुढे आणि मागे अखंड अॅक्सल आहेत. एकीला जे होतं ते दुसरीला होत नाही, म्हणून एकीच्या मालकाचा सल्ला दुसरीच्या मालकाला लागू पडत नाही.

थारमध्ये शॉकअपच्या माथ्यावर स्पेसर बसवला की चॅसी वर जाते आणि दोन्ही आर्म खाली झुकतात. शॉकअप खालच्या आर्मवर चाकापासून थोडा आत बसलेला असतो. त्यामुळे चाकापाशी मिळणारी उंची स्पेसरच्या जाडीपेक्षा जास्त भरते. समजा शॉकअपचा पाय आर्मच्या लांबीच्या 60 टक्क्यांवर आहे, तर 30 मिमीचा स्पेसर गाडी साधारण 50 मिमी उचलतो. आर्म झुकले की कॅम्बर बदलतो आणि चाकाचा माथा सहसा बाहेर कलतो. त्याच वेळी स्टीअरिंग रॅकपासून चाकाकडे जाणारे टाय रॉडही तिरके होतात आणि टो हलतो. थार लिफ्ट करून टोला हात न लावता रस्त्यावर आणली, तर नवे टायर फार काळ टिकत नाहीत.

किती, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. थारच्या 255/65 आर 18 टायरचा व्यास सुमारे 789 मिमी भरतो. दोन्ही चाकांचा मिळून टो फक्त 3 मिमीने चुकला, तरी प्रत्येक टायर दर किलोमीटरला जवळपास 1.9 मीटर आडवा घासला जातो. 10,000 किमीत ही आडवी घसरण 19 किमी होते. 3 मिमी म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी. डोळ्यांना हे दिसत नाही, हाताला मात्र कळतं. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड बोचते. असं लागलं तर बहुतेक वेळा टो बिघडलेला असतो.

आता जिमनी. तिची पुढची दोन्ही चाकं एकाच टाय रॉडने जोडलेली असतात आणि तो रॉड अॅक्सलबरोबरच राहतो. म्हणून लिफ्टने टो फारसा हलत नाही, कॅम्बर तर अॅक्सलच्या घडणीतच पक्का असतो. "सॉलिड अॅक्सलला अलाइनमेंट लागत नाही" हे वाक्य यातूनच आलं असावं. ते चुकीचं आहे, कारण इथे मार कास्टरला बसतो.

अॅक्सलला घट्ट धरणारे दोन लांब आर्म मागे जाऊन चॅसीला मिळतात. चॅसी वर गेली की आर्मचं मागचं टोकही वर जातं आणि अख्खा अॅक्सल पुढच्या बाजूला फिरतो. हिशोबासाठी आर्म 800 मिमीचा धरला, तर 50 मिमी लिफ्टला हे फिरणं साडेतीन अंशांहून थोडं जास्त येतं. मूळचा कास्टर काही अंशांचाच असतो, त्यातले साडेतीन गेले तर फार थोडा उरतो. गाडी मग वेगात तरंगल्यासारखी वाटते. वळणानंतर स्टीअरिंग आळसावल्यासारखं परत येतं आणि सरळ रस्त्यावरही हात सतत कामात राहतात. टायर मात्र एकसारखे झिजत असतात, कारण कास्टर टायरला फारसा खात नाही. त्यामुळे "टायर खात नाही म्हणजे अलाइनमेंट ठीक" ही समजूत जिमनीच्या मालकाला नेमकी महामार्गावर फसवते.

यावर उपाय पार्टमध्ये आहे, मशीनमध्ये नाही. आर्मच्या अॅक्सलकडच्या टोकाला मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश बसतात, किंवा कोन दुरुस्त केलेले नवे आर्म मिळतात. जुन्या जिप्सीला पाटे असतात. तिथे लांब शॅकल लावून पाट्याचं एकच टोक हलवलं की पाट्याबरोबर अॅक्सल फिरतो, आणि तो परत आणायला पाटा व अॅक्सलच्या मध्ये उतरती पाचर घालतात.

याच्याशी जोडलेला आणि सर्वांत पसरलेला गैरसमज म्हणजे "कॉम्प्युटरवर सगळं हिरवं आलं". अलाइनमेंट मशीन मोजतं. बदल मिस्त्री करतो, आणि तोही जिथे बदलण्याची सोय आहे तिथेच. बहुतेक टायरच्या दुकानात फक्त टो बदलला जातो. शिवाय कास्टर नुसत्या उभ्या गाडीवर मोजता येत नाही. त्यासाठी चाकं फिरत्या तबकड्यांवर ठेवून स्टीअरिंग ठरावीक अंश डावीकडे, मग उजवीकडे वळवून परत मध्यावर आणावं लागतं. गर्दीच्या दुकानात ही पायरी सर्रास गाळली जाते. स्टीअरिंग दोन्हीकडे वळवलंच नसेल, तर कास्टरच्या रकान्यातला आकडा त्या दिवशी मोजलेला नसतो. लिफ्ट केलेल्या गाडीच्या मालकाने रॅम्पजवळ उभं राहून निदान एवढं तरी पाहावं. हिरवा रंगसुद्धा कंपनीच्या मूळ उंचीच्या गाडीसाठी ठरवलेला असतो. मोठे, जड टायर चढवलेल्या उंच गाडीला त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाचा कास्टर लागू शकतो.

उलट बाजूही सांगायला हवी. टो मोजायला कॉम्प्युटरच लागतो असं नाही. सपाट जमीन, ताणलेली दोरी आणि टेप यांच्यावर टो मोजणारे जुने मिस्त्री अडाणी काम करत नसतात. अखंड अॅक्सलच्या गाडीत ती पद्धत चांगली चालते.

लिफ्टनंतर स्टीअरिंग वाकडं झालं की काही ठिकाणी स्टीअरिंग व्हील काढून एक दाता पुढे-मागे बसवलं जातं. दिसायला ते सरळ होतं, पण मूळ चूक तशीच राहते. जिमनीत स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक लिफ्टने तिरका होतो, म्हणून त्याचा आडवा पल्ला कमी पडतो आणि चाकं एका बाजूला ओढली जातात. दुरुस्ती त्या लिंकची लांबी बदलून करायची असते. नुसतं व्हील फिरवलं, तर स्टीअरिंग बॉक्सचा मध्य सरकलेलाच राहतो, दोन्हीकडे मिळणारं वळण असमान होतं आणि गाडीचा तोल सांभाळणाऱ्या ईएसपीला स्टीअरिंगचा कोन चुकीचा कळण्याचा धोका राहतो. लिंक सेट केल्यावर गरज असेल तिथे स्कॅनर लावून स्टीअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्यावा.

अॅक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉडही याच नियमाने वागतो. 900 मिमी लांबीच्या रॉडचं एक टोक आधीच 100 मिमी वर असेल, तर 50 मिमी लिफ्टने अॅक्सल सुमारे 7 मिमी बाजूला सरकतो. छोट्या लिफ्टला हे खपतं. मोठ्या लिफ्टला लांबी बदलता येणारा रॉड लागतो. मात्र हा रॉड आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर राहायला हवेत. एकाचाच ब्रॅकेट खाली घेतला, तर प्रत्येक खड्ड्याला गाडी स्वतःहून वळू पाहते.

"स्टीअरिंग थरथरतं, अलाइनमेंट करून द्या" हेही रोज ऐकू येणारं वाक्य. ठरावीक वेगालाच येणारी बारीक थरथर बहुतेकदा बॅलन्सिंगची असते, आणि बॅलन्सिंग हे वेगळं काम आहे. खड्ड्यावरून गेल्यावर अखंड अॅक्सलची दोन्ही चाकं जोरजोरात डावी-उजवी फडफडू लागतात, त्या फडफडीला चालक डेथ वॉबल म्हणतात. तिच्यामागे पॅनहार्डचे खिळखिळे बुश, झिजलेले टाय रॉड एंड, ढिले किंगपिन बेअरिंग, कमी कास्टर किंवा बिघडलेलं बॅलन्सिंग, यांपैकी एक किंवा अनेक कारणं असतात. जाड स्टीअरिंग डँपर लावला की ती दबते, पण कारण तसंच राहतं. मागे बसलेल्यांना काय सहन करावं लागतं ते एकदा पाहिलं, की डँपरवर विसंबून घाटात गाडी घालणं कुणालाही पटणार नाही.

कायद्याबद्दलही संभ्रम आहे. पावती आणि ब्रँडेड किट म्हणजे परवानगी नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी दाखल्यातले तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. किट घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांकडे विचारणा करावी.

कामाच्या क्रमाबद्दल एक गोष्ट गॅरेजात आवर्जून सांगावी. आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळू नयेत. रबरी बुश लटकलेल्या स्थितीत आवळले, तर गाडी जमिनीवर येताच ते पिळले जातात, लवकर फाटतात आणि उंचीही चुकीची दाखवतात. आधी चाकं जमिनीवर टेकवावीत, गाडी हलवून बसू द्यावी आणि मग आवळावं. रूफ रॅक, विंच, जड बंपर कायमचे राहणार असतील, तर ते चढवून, टायरमध्ये नेहमीची हवा भरून मगच अलाइनमेंट करावी. नवे स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात, म्हणून 500 ते 1,000 किमी झाल्यावर पुन्हा मोजणं भाग आहे. त्या वेळी पहिल्या दिवसाचं प्रिंटआउट सोबत न्यावं. दोन कागद शेजारी ठेवले की कोणता कोन किती हलला, हे मिस्त्रीला न सांगताही कळतं.