महिला मंडळाची पुढची अध्यक्षा

पूर्व विदर्भात धानाची कापणी उरकत आली, की चर्चमध्ये कापणीच्या सणाची लगबग सुरू होते. त्या रविवारी उपासनेला येताना प्रत्येक घर काही ना काही घेऊन येतं. कोणी नवे तांदूळ, कोणी परसातला भोपळा, वांगी, अंडी, तर कोणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की आवारात टेबल मांडून लिलाव होतो. पाच किलो तांदळाची पिशवी बाजारभावापेक्षा कितीतरी चढ्या बोलीने सुटते. घेणारा पैसे मोजतो, पिशवी पुन्हा टेबलावर ठेवतो आणि तीच पिशवी दुसऱ्यांदा विकली जाते. बोली पुकारायला बहुधा खड्या आवाजाचा एखादा माणूस उभा असतो आणि लोकांच्या लक्षात तोच राहतो. पण आधीचा आठवडाभर घरोघरी निरोप पोचवणं, आलेल्या वस्तूंची यादी करणं, दीड-दोनशे माणसांचा चहा-नाश्ता, कोणाची बोली किती आणि रोख किती आली हे वहीत उतरवणं, आणि ज्यांचे पैसे राहिले त्यांना पुढच्या रविवारी चारचौघांत नव्हे, फाटकाजवळ बाजूला घेऊन आठवण करणं, हे सगळं महिला मंडळ करतं.

या मंडळाबद्दल फारसं लिहिलं जात नाही. चर्चच्या इतिहासात बिशप येतात, मिशनरी येतात, इमारती येतात. मंडळाच्या वाट्याला वार्षिक अहवालातला एक परिच्छेद येतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये, या संघटनेचं अधिकृत नाव ‘विमेन्स फेलोशिप फॉर ख्रिश्चन सर्व्हिस’ असं आहे. हे एवढं लांब नाव पत्रकापुरतं. रविवारी उपासनेनंतर घोषणा होते ती ‘महिला मंडळाची सभा गुरुवारी दुपारी तीनला’ एवढीच.

सीएनआयचा जन्म नागपूरचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथिड्रलच्या आवारात सहा चर्च एकत्र आली: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. त्यांच्याबरोबर त्यांच्या स्त्रियांच्या संघटनाही एका छत्राखाली आल्या. अँग्लिकनांकडे ‘मदर्स युनियन’ होती. नागपूर-भंडारा पट्ट्यात १८४० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून स्कॉटिश मिशनची वेगळी परंपरा रुजली होती. तिच्यात मंडळीने आपले वडील, म्हणजे एल्डर, स्वतः निवडायचे. या दोन वळणांचा फरक आजही जाणवतो. कुठे अध्यक्षा हात वर करून निवडली जाते, तर कुठे ती आधीच ठरलेली असते आणि सभेत फक्त टाळ्या पडतात.

ठरलेली असते ती का, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. मदर्स युनियनची सुरुवात १८७६ साली इंग्लंडमध्ये हॅम्पशायरमधल्या ओल्ड ॲल्रेसफर्ड या गावी झाली. सुरू करणाऱ्या मेरी समनर या तिथल्या पाळकांच्या पत्नी. गावातल्या सगळ्या थरांतल्या आयांना त्यांनी घरी बोलावलं आणि ऐनवेळी त्यांना इतकं दडपण आलं की तोंडातून शब्द फुटेना. बायकांना त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगितलं. नऊ वर्षांनी, १८८५ मध्ये, पोर्ट्समथच्या चर्च काँग्रेसमध्ये न्यूकॅसलच्या बिशपांनी स्त्रियांसमोर बोलायची आपली वेळ त्यांना देऊ केली. त्या बोलल्या आणि ही चळवळ गावाबाहेर पडली. आज ऐंशीहून अधिक देशांत तिचे ४० लाखांवर सदस्य आहेत. भारतात ती मिशनरी आणि अधिकाऱ्यांच्या बायकांबरोबर आली. मेरी समनर यांचे पती पुढे बिशप झाले. पाळकाची बायको गावात प्रमुख आणि बिशपची बायको प्रांतात प्रमुख, हा साचा संस्थापिकेच्या संसारातूनच घडला. तो पुढे रूढी झाला आणि रूढी म्हणूनच इथे पोचला. याच संघटनेत घटस्फोट झालेल्या स्त्रीला १९७० च्या दशकापर्यंत सदस्य होता येत नव्हतं, हेही विसरू नये. लग्न हीच पात्रता असली, की लग्न मोडलेलीला, न झालेलीला आणि वैधव्य आलेलीला दाराशीच थांबावं लागतं.

या साच्याला पहिला खणखणीत प्रश्न विचारला तो एका मराठी बाईने. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे, अँग्लिकन भगिनींच्या मठात झाला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्यांनी भारतात जाणाऱ्या तरुण इंग्रज पुरुषांना आपल्याकडच्या भाषा शिकवाव्यात, असा विचार निघाला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: बाईने पुरुषांना शिकवणं बरं नव्हे. आपण पुरुषांसमोर बोललो, त्यांना शिकवलं, तेव्हा वडिलांनी किंवा पतीने कधी आडकाठी केली नाही, मग या मंडळींना अडचण का वाटावी, असा रमाबाईंचा सवाल होता. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला. त्यातला वाद वरवर धर्मसिद्धांतांचा आहे, पण त्याचा गाभा हाच: माझा निर्णय कोण घेणार? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी छापखाना, विणकाम, शेती, हिशेब सगळं बायकांच्या हाती दिलं. ती संस्था अँग्लिकन नव्हती. पण आपल्या महिला मंडळांनी घराणं म्हणून कोणाचं नाव सांगायचं तर मेरी समनर यांच्याइतकंच रमाबाईंचं सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गोंदिया जिल्ह्यात निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३ लाख २२ हजार, आणि दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया. पावसात रोवणी, वर्षभर विड्या, मे महिन्यात तेंदूपत्ता, असं बायकांचं कामाचं चक्र. ख्रिस्ती घरं त्यात मोजकी आणि विखुरलेली. हावडा-मुंबई लोहमार्गावरचं मोठं जंक्शन असल्याने रेल्वेच्या नोकरीनिमित्त इथे मराठी, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू बोलणारी कुटुंबं येऊन राहिली. नागपूरचा अँग्लिकन धर्मप्रांत १९०३ साली स्थापन झाला तेव्हा मध्य प्रांतापासून राजपुतान्यापर्यंत पसरलेला होता. पहिले बिशप आयर चॅटर्टन यांनी याच मुलखावर ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ हे पुस्तक १९१६ साली लिहिलं. एवढ्या पसाऱ्यात लहान मंडळ्यांच्या वाट्याला पूर्णवेळ पाळक क्वचितच यायचा. आजही एका पाळकाकडे दोन-तीन ठिकाणं असतात, आणि काही वर्षांनी त्यांची बदली होते. बायका मात्र तिथेच असतात. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा दारूला लागलाय, कोणती सून माहेरी निघून गेली आणि का, हे नव्या पाळकाला कळायला वर्ष जातं. मंडळाला ते आदल्या संध्याकाळीच ठाऊक असतं.

त्यामुळे मंडळाचं काम कागदावरच्या यादीपेक्षा फार मोठं आहे. मयत झाली की पहिल्या तासात पोचतात त्या याच बायका. मृत स्त्रीला आंघोळ घालून कपडे नेसवणं, पेटीला आतून पांढरं कापड लावणं, घरातल्या लेकरांना शेजारी नेऊन जेवू घालणं, हे कोणालाही सांगावं लागत नाही. रविवारची शाळा त्यांच्याच जिवावर चालते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक महिला प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहितात आणि जगभर तीच वापरली जाते. २०२४ साली ती पॅलेस्टाइनच्या स्त्रियांनी लिहिली होती, २०२५ साली कुक बेटांवरच्या. नकाशावर शोधूनही पटकन न सापडणाऱ्या त्या बेटांसाठी, तिथल्या बायकांच्या अडचणींची नावं घेऊन, इथे प्रार्थना झाली. शाळा चौथीत सुटलेल्या बाईलाही त्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून वाचायला मिळतं. मंचावर बोलण्याचं पहिलं शिक्षण अनेकींनी असंच घेतलं.

आणि ती नाण्यांची डबी. ‘फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉइन’ ही चळवळ एका भारतीय बाईने सुरू केली, हे आपल्याच लोकांना फारसं माहीत नाही. १९५६ साली शांती सॉलोमन काही स्त्रियांबरोबर आशियाच्या दौऱ्यावर निघाल्या होत्या. युद्धाने होरपळलेल्या कोरियात जायचं होतं, पण त्यांना व्हिसा नाकारला गेला. बाकीच्या पुढे गेल्या, त्या फिलिपाइन्समध्ये थांबल्या. सीमा माणसाला अडवते, प्रार्थनेला नाही, या विचारातून त्यांनी एक साधी रीत सुचवली. दुसऱ्या कोणासाठी, विशेषतः ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यासाठी, प्रार्थना कराल तेव्हा आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला ठेवा. गरीब बाईचं आणि श्रीमंत बाईचं दान सारखंच व्हावं, म्हणून लहान नाणं. जगभरातून जमलेल्या अशा पैशांतून आज स्त्रियांच्या आणि मुलांच्या कामांना मदत जाते. आपल्याकडे चवली-पावली तर कधीच गेली. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातूनही बाद झाली. पन्नास पैसे कायद्याने चालतात, पण दुकानदार घेत नाही. म्हणून आता डबीत पडतो तो रुपया. झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा वर्षातून एकदा उघडतात. दोघी समोरासमोर बसून दहा-दहाच्या चळती लावतात, एक मोजते, दुसरी पुन्हा मोजते, मग आकडा वहीत चढतो आणि दोघींच्या सह्या होतात. एकटीने मोजायचं नाही, असा शिरस्ता.

पैशाची ही शिस्त ज्यांच्याकडे आहे, त्यांना चर्चच्या मुख्य हिशेबापाशी क्वचितच बसवलं जातं, याची मला खंत वाटते. बचत गटाचं रजिस्टर, कर्जाचे हप्ते, बँकेतला व्यवहार या जिल्ह्यातल्या बायका वर्षानुवर्षं चोख सांभाळताहेत. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या खजिनदारपदासाठी नावं सुचवायची वेळ आली, की मात्र सगळ्या माना पुरुषांच्या बाकांकडे वळतात.

पाळकीणबाईंनीच अध्यक्षा व्हावं, या रूढीत कोणाचा दोष काढायचा नाही. कित्येक पाळकीणबाईंनी स्वतःच्या तब्येतीची पर्वा न करता मंडळं उभी केली. पण आज त्यांच्यापैकी अनेकजणी शिक्षिका किंवा परिचारिका आहेत, रात्रपाळी करून आलेल्या. नवऱ्याच्या नेमणुकीबरोबर हे पदही आपोआप गळ्यात पडतं आणि नको म्हणायची सोय नसते. बदली झाली की तीन-चार वर्षांची घडी मोडते. आणि गावातली जी बाई वीस वर्षं सचिव म्हणून राबली, ती सचिवच राहते.

आता तर हा साचा आपोआपच अपुरा पडतोय. सीएनआयमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियाने, म्हणजे सीएसआयने, २०१३ साली नंद्याल धर्मप्रांतात एग्गोनी पुष्पा ललिता यांना बिशप केलं. सीएनआयमध्ये २०२४ साली ओडिशातल्या फुलबाणी धर्मप्रांतात व्हायोलेट नायक बिशप झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. दीक्षा घेण्याआधी त्या परिचारिका होत्या आणि इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारीपदापर्यंत पोचल्या होत्या. वॉर्डात घडलेली बाई चर्चचं सर्वोच्च पद सांभाळू शकते, ही बातमी आपल्याकडच्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलींपर्यंत कोणी मुद्दाम पोचवली पाहिजे. बिशप स्वतःच बाई असेल, तर ‘बिशपच्या पत्नी पदसिद्ध अध्यक्षा’ या रीतीचं काय करायचं? उत्तर सोपं आहे: निवडणूक घ्यायची.

खरी अडचण पुढच्या पिढीची आहे. बारावी झाली की मुली विदर्भ एक्सप्रेसने मुंबईकडे नाहीतर महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याकडे जातात. नर्सिंग, डी.एड., हॉटेलातली नोकरी, आणि मग तिकडेच संसार. ज्या राहतात त्या कामाला जातात. गुरुवारी दुपारी तीनची सभा त्यांच्यासाठी नसतेच. ती वेळ ठरली तेव्हा बायका दुपारी घरी असायच्या. आज तीनला येऊ शकतात त्या साठीच्या पुढच्या, आणि मग तरुणींना मंडळ म्हणजे ‘आजींचं काम’ वाटतं. सभा रविवारी उपासनेनंतर ठेवली, पाळणाघरासारखी मुलांची सोय केली, पुण्याला गेलेल्या मुलीला व्हिडिओ कॉलवर अहवाल वाचायला दिला, तर माणसं येतात. रोवणीच्या आणि कापणीच्या महिन्यांत सभाच ठेवू नये, हे तर गोंदियाला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही.

नियमांत बदलायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. अध्यक्षा सभासदांतून निवडलेली असावी. अविवाहित, विधवा, परित्यक्ता कोणीही त्या पदाला पात्र असावी. सलग दोनपेक्षा जास्त मुदती कोणाला नसाव्यात. आणि प्रत्येक पदाधिकारी बाईने आपल्या शेजारी वयाने तिच्या निम्मी अशी एक मुलगी बसवून तिला वही, बँक आणि पत्रव्यवहार शिकवावा. या शेवटच्या गोष्टीला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मंडळाच्या खात्यावर दोघींच्या सह्या लागतात. त्यातली दुसरी सही येत्या वार्षिक सभेनंतर पंचवीस वर्षांच्या एखाद्या मुलीची असावी, एवढा ठराव आणि बँकेत द्यायचा सहीच्या नमुन्याचा अर्ज डिसेंबरातच तयार ठेवता येईल.